खोबऱ्याची बारा कलमं

माझं एका जागी बूड टेकत नाही. पाहुणे आले तरी मी चहाचा कप हातात धरून दारातच उभी. आई म्हणते, ही पायाला भिंगरी बांधून जन्माला आली. खोटं आहे ते. लहानपणी मी आत्याशेजारी बसून अख्खी दुपार तुरीच्या शेंगा सोलायचे, मांडी मोडायची नाही. भिंगरी मला नववीत लागली, शाळेच्या मागं रोपांवर बांधलेल्या हिरव्या जाळीत, बारा कलमांपायी. कुणी विचारलं तर मी सांगत नाही. आज सांगते, आणि सांगताना मध्येच उठले तर चालवून घ्या.

आमचं गाव कर्नाटकातल्या भालकी तालुक्यात, खटकचिंचोळीच्या अंगाला. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि बसच्या कंडक्टरशी भांडायचं असलं की दखनी. सातवीपर्यंत मी उदगीरला मामाच्या घरी राहून मराठी शाळेत शिकले. आठवीला गावी परत आणलं आणि कानडी शाळेत घातलं. कानडी मला येत नव्हती असं नाही, पण ती भाजीवाल्या अक्काशी घासाघीस करण्यापुरती. फळ्यावरची कानडी वेगळीच निघाली. आठवीचं वर्षभर मी फळ्याकडं बघून नुसती मान हलवली.

नववीला हाताच्या कामाचा एक विषय घ्यावा लागायचा. शिवण, नाहीतर तोटगारिके. कानडीत तोट म्हणजे मळा, आणि तोटगारिके म्हणजे बागकाम. मी तेच घेतलं, कारण त्याच्या तासाला पुस्तक उघडत नाहीत असं माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. ती घरचीच कानडी, तिच्या जिवावर तर माझी आठवी निघालेली.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, तोट म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत. निम्मं आयुष्य कानडी माणसांत गेलंय त्यांचं. तरी जेवताना म्हणाले, "तोट्याचा विषय घेतलीस व्हय? तोटा करायला शाळेत कामून जायलीस? माझ्यासंगं रानात ये, मी फुकट शिकवतो."

सगळे हसले, मीही हसले. पण अप्पांच्या थट्टेच्या पोटात नेहमी काहीतरी असायचं. माझ्या चुलत बहिणीला नववीनंतर घरी बसवलेलं, आणि माझ्याही बाबतीत त्यांच्या मनात तेच होतं. नुसतं एक कारण मिळायचं राहिलेलं. आत्यानं ते ओळखलं. ताटात भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "शिकू दे की तिला. काय वावगं झालं तर मला इचार." अप्पा खाली मान घालून जेवायला लागले. आमच्या घरात अप्पांना गप्प बसवणारं तेवढंच एक माणूस.

आत्या त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा गेला, ती माहेरी आली आणि इथलीच झाली. तिच्या नावावर काही नाही. ना रान, ना खोली. पण आजोबांनी मरायच्या आधी रस्त्याकडच्या बांधावरचा आंबा तिला तोंडी दिला होता. "खोबऱ्या हिचा," एवढं म्हणाले, आणि ते पुढं सगळ्यांनी पाळलं. त्या झाडाला खोबऱ्या म्हणायचे, कारण त्याची कैरी आंबट नव्हती. कुरकुरीत, गोडसर, खोबरं खाल्ल्यागत. दात आंबायचे नाहीत. उन्हाळा लागला की गावातल्या बाया दारात येऊन विचारायच्या, "अक्का, खोबऱ्या उतरला का?" मग आत्या ओट्यावर पाटी घेऊन बसायची आणि आपल्या हातानं वाटायची. कुणाला चार, कुणाला पदरभर. जिच्याशी अबोला तिला दोन जास्त. बाकीचे दहा महिने ती भावाच्या घरी राहणारी बहीण होती. ते दोन महिने ती मालकीण असायची.

मी नववीत गेले त्याच पावसाळ्यात रस्ता रुंद करायचं ठरलं आणि कडेच्या झाडांना पांढरे पट्टे मारून गेले. खोबऱ्यालाही मारला. चार दिवस आत्या रोज झाडापाशी जाऊन आली. पाचव्या दिवशी मी शाळेतून आल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या शाळेत झाडाचंच झाड करत्यात म्हणं?"

तोवर मला तेवढं शिकवून झालं होतं, त्यामुळं मी फुशारकीत सगळं सांगितलं. कोय लावली तर काय उगवेल याचा नेम नाही. आईबापासारखं पोरगं निघेल असं नसतं, तसंच. पण त्याच झाडाची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधली तर हाच आंबा. हीच कैरी, हीच चव.

"हाच?"

"हाच."

"मग कर," आत्या म्हणाली. तिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. मी म्हणाले, करते की, त्यात काय.

हे सगळं शिकवणारे सर म्हैसूरकडचे. नवीन नोकरी, पहिलीच नेमणूक, आणि आमच्याकडचं ऊन बघून बिचाऱ्यांचा चेहरा कायम रडवेला. त्यांना आमच्या भागातली कानडी उमगायची नाही आणि आम्हाला त्यांची. आमच्या वर्गात निम्मी पोरं मराठी, म्हणून ते आमच्याकडूनच मराठी शिकायला लागले. जे शिकले ते लगेच वापरायचे. "पाणी आला काय?" "तुझा वही कुठे?" "रोप मेला, दुसरा आण." त्यांचं तो-ती-ते कधी जागेवर बसलं नाही. आम्ही हसायचो आणि त्यांना ते आवडायचं. एकाच वाक्यात कानडी कुठं संपली आणि मराठी कुठं लागली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण शिकवायला माणूस पक्का. पिशवीत तांबडी माती आणि शेणखत किती भरायचं, कोय पोटाकडून खाली कशी ठेवायची, सगळं हाताला धरून. कलमाचा चाकू दिला तेव्हा पहिले आठ दिवस नुसत्या कडुनिंबाच्या काड्या तासायला लावल्या. काडीचं टोक पाचरीसारखं तासायचं, दोन्हीकडून एकेका ओढीत. चाकू मध्ये थांबला, पुन्हा फिरवला, की काप खडबडीत होतो आणि सांधा बसत नाही. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, पाचर त्यात बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीनं आवळायची आणि वरून बर्फकांडीची लांबट पिशवी टोपीसारखी घालायची. मी दोनदा बोट कापून घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात वर्गात माझा हात सगळ्यांत साफ चालायला लागला. मला ते लई आवडलं. कानडी वाचायला येत नव्हती त्या शाळेत पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं.

खोबऱ्याच्या काड्या आम्ही दोघींनी काढल्या. आधी आठ दिवस निवडलेल्या शेंड्यांची पानं खुडून ठेवली, म्हणजे डोळे, कोंब फुटायच्या जागा, फुगतात. मग श्रावणातल्या एका सकाळी आत्यानं आकडीनं फांदी खाली ओढून धरली आणि मी कापल्या. बारा. ओल्या फडक्यात गुंडाळून शाळेत नेल्या आणि त्याच दिवशी बारा खुंटांवर बांधल्या. जाळीत माझी वेगळी ओळ लावली. सरांनी एकेक वाकून बघितलं आणि म्हणाले, "चांगली झाला."

चौथ्या दिवशी झाड पाडलं. मी शाळेत होते. घरी आले तर आत्या न्हाणीपुढं हातपाय धूत होती, लुगड्याला भुसा लागलेला. ती रडली नव्हती. म्हणाली, "आता तुझ्याकडं हाय त्यो." आणि स्वैपाकाला लागली.

त्या दिवसापासून मी रानाकडचा रस्ता सोडला. बुडखा बघायचा नव्हता मला. तळ्याकडून वळसा पडायचा, चिखल असायचा, तरी मी तिकडूनच जायची.

आणि शाळेत जीव वरखाली. सर म्हणाले होते, पंधरा-वीस दिवस लागतात, तोवर डोळे फुटत नाहीत, हात लावायचा नाही. मी हात लावत नव्हते, पण मधल्या सुट्टीत जाळीत, जेवणाच्या सुट्टीत जाळीत, शाळा सुटली की जाळीत. टोप्यांना आतून घाम यायचा आणि काड्या नीट दिसायच्या नाहीत. आठव्या दिवशी एक काडी काळी पडली. दहाव्याला आणखी दोन. मैत्रीण म्हणाली, बारातल्या तीन जायच्याच. मला तिचा राग आला. घरी आत्या रोज एकच विचारायची, "हायत ना?" आणि मी म्हणायची, "हायत."

गणपती बसले त्या आठवड्यात सरांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, बीदरला नौबादकडं. आदल्या दिवशी वारं सुटून टोप्या वाकड्या झालेल्या. सकाळी सर मोटरसायकल चालू करून फाटकाशी थांबले, डोक्यावर हेल्मेट. मी जाळीत माझ्या ओळीपाशी उभी. मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती. सरांनी लांबूनच माझ्या ओळीकडं बोट केलं आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "मेले. कट्टु. मेले कट्टु." वर बोटं हवेत गोल फिरवून दाखवली. मग गेले.

मेले. खरं तर मेली म्हणायला पाहिजे, कलमं मेली, पण सरांचं तो-ती-ते कायम चुकायचं, हे काय मला नवीन होतं? मेले, कट तू, इंग्रजीतलं कट. मेलीत, कापून टाक. बोटं गोल फिरवली म्हणजे सगळी. तीन तर काळी पडलेलीच होती. आणि कलम मेलं की सांध्याच्या खाली छाटायचं, खुंट पुन्हा वापरायचा, हे त्यांनीच शिकवलेलं.

मी उद्यावर ढकलायला पाहिजे होतं. मैत्रीण येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. पण थांबणं मला आता झेपत नव्हतं. पंधरा दिवस मी थांबलेच होते. जे काय आहे ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं झालं मला. चाकू काढला आणि ओळीच्या टोकापासून सुरू केलं. पहिली तीन काळी. चौथं कापताना चाकू सांध्यातूनच गेला, तर काडी आत हिरवी. ओलं, ताजं हिरवं, बोटाला चिकटलं. मी थांबले. मला दिसलं. दिसलं नाही असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण दिसलं होतं. मनात आलं, खुंटाचा रस असेल, सर म्हणाले ना मेले, सरांना जास्त कळतं का मला? आणि मी बाकीची आठ कापली, एकेका ओढीत, हात साफ चालत होता. तुकडे गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. ओळीतले उघडे खुंट बघून म्हणाली, हे काय केलंस? मी सरांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायची थांबली.

आमच्याकडची कानडी माणसं ‘वर’ या शब्दाला ‘म्याल’ म्हणतात. म्याल बा, वर ये. हे मला शेंबड्या वयापासून माहीत. पण म्हैसूरकडं त्यालाच ‘मेले’ म्हणतात, हे मला कुणी सांगावं? आणि कट्टु म्हणजे बांध. मेले कट्टु. वर बांध. वाऱ्यानं पट्ट्या सैल झाल्यात, टोप्यांची गाठ वर घेऊन बांध, एवढंच सांगून गेला होता माणूस. बोटं फिरवली ती पट्टी गुंडाळायची. त्या एका वाक्यात त्यांनी मराठीचा एकही शब्द घातला नव्हता, आणि मी नेमकं तेच वाक्य मराठीत ऐकलं.

आम्ही दोघी खड्ड्याकडं धावलो. तुकडे सुकून वेडेवाकडे झाले होते. त्यातल्या दोन काड्यांचे डोळे फुगून फुटायला आलेले होते.

सर परत आले. रागावले नाहीत, आणि त्यानं मला जास्त वाईट वाटलं. मैत्रिणीनं त्यांना कानडीत सगळं सांगितलं तेव्हा ते खाली बसले आणि मातीत काडीनं रेघा ओढायला लागले. मग म्हणाले, "चूक माझा." मी म्हणाले, नाही सर, माझी. ते म्हणाले, झाड पाडलं ना? मी म्हणाले, पाडलं. "खाली बुड आहे काय? त्याला नवा काडी येतंय. घेऊन ये, आपण परत बांधू."

आता हे ऐका. मी इतकं सरळ उत्तर देऊ शकत होते की बघून येते. बुडखा आहे की काढला, मला माहीतच नव्हतं, मी तिकडं फिरकले नव्हते. पण काड्या आणायच्या म्हणजे रानात जायचं. तिथं दिवसभर अप्पा. ते विचारणार, पहिल्या बाराचं काय झालं. मग तोट्याचं शिक्षण, आणि मग घरी बसणं. आणि आत्याला काय तोंड दाखवू? हे सगळं एका दमात डोक्यातून गेलं आणि तोंडातून निघालं, "न्हाई सर, मशीननं काढलं." सरांनी मान हलवली. विषय संपला.

दसऱ्याच्या सुट्टीत प्रत्येकाला आधीच्या वर्गानं बांधलेलं एकेक कलम घरी न्यायला मिळालं, केशरचं. मी माझं घरी आणलं आणि आत्याला म्हणाले, "घे. खोबऱ्या." बाकीची अकरा शाळेतच ठेवलीत, असंही म्हणाले. अप्पा ओट्यावर होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "केलीस म्हण की. तोटा झाला न्हाई तर." त्यांना कौतुक वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. आत्यानं पिशवी हातात घेतली, एक पान तोडलं, बोटांत चोळलं आणि नाकाशी धरलं. मग परसात जाऊन आळं करायला लागली.

त्या सुट्टीत ती मला दोनदा म्हणाली, "रानाकडून जाऊन येऊ चल." एकदा मी म्हणाले चप्पल चावतीय, एकदा म्हणाले अभ्यास. ती समोर आली की मला काहीतरी काम आठवायचं. तिच्या शेजारी बसणं मला जमेना. शेंगा सोलायला बसले की चार शेंगांत उठायची. ती काही बोलायला तोंड उघडायची आणि मी म्हणायची, आले, पाणी बघून येते. हीच ती भिंगरी. आईला वाटलं वयात आली म्हणून. मला वाटायचं, हिनं एकदा ‘हायत ना’ विचारलं की मी सगळं ओकून टाकणार. पण त्यानंतर तिनं ते कधीच विचारलं नाही.

दहावी झाली. अप्पांनी कारण काढलं नाही, उलट भालकीच्या कॉलेजात स्वतः येऊन नाव घातलं. पुढं बीदरला बागायतीच्या कोर्सला गेले. आता नौबादला एका रोपवाटिकेत कामाला आहे. दिवसभर उभ्यानं कलमं बांधते, माझ्या स्वभावाला ते बरं पडतं. हाताखालच्या पोरी म्हणतात, अक्का, तुमची कलमं मरत नाहीत.

परसातल्या झाडाला पाचव्या उन्हाळ्यात पहिल्यांदा फळ धरलं. सात कैऱ्या. मी कोर्सच्या सुट्टीत घरी आलेले. दुपारी घरात आम्ही दोघीच. आत्यानं एक कैरी तोडली, विळीवर फोडी केल्या, मीठ लावलं आणि एक माझ्या हातावर ठेवली. करकरीत आंबट. माझे दात आंबले. तीही चावत होती, सावकाश, आणि माझ्याकडं बघत नव्हती. मी उठले.

"बस जरा," ती म्हणाली.

मी उभीच राहिले.

"ह्यो खोबऱ्या न्हाई," ती म्हणाली.

चार वर्षं पाठ केलेली उत्तरं होती माझ्याकडं. माती बदलली की चव बदलते, पहिलं फळ आंबटच असतं. ती सगळी सोडून म्हणाले, "न्हाई."

"आज कळलं आसं न्हाई. आणलीस त्याच दिशी पान चोळून बघितले मी. त्याच्या पानाला आसला वास नव्हता."

मग मी सगळं सांगितलं. मेले, कट्टु, हिरवं दिसलेलं, खड्डा, सर. उभ्या उभ्या सांगितलं. ती ‘मेले कट्टु’ला थोडी हसली सुद्धा. आणि मला एकदम राग आला. स्वतःचा येण्याच्या ऐवजी तिचा आला. म्हणाले, "ठाव हुतं तर कामून बोलली न्हाईस? चार वर्सं मला जाळलीस."

"बोलायलेच हुते. रोज तोंडावर यायचं, आन् तू उठून जायचीस." तिनं विळी आडवी करून ठेवली. "बुडाला फुटवे आलते. गुडघ्याएवढे, तांबडे लाल. मी रोज बघून यायचे. म्हणून तुला म्हणलं, रानाकडून चल. म्हणलं, पोरगी बघंल, तिचं तिला सुचंल, गुमान काड्या काढून नेईल, कुणाला कळायचं न्हाई."

मी खाली बसले. तोंडात मिठाची चव तशीच होती.

"किती दिवस होते?"

"दिवाळी झाली तरी हुते की. मग मशीन आली. तुझा अप्पा बी तितंच हुता त्या दिशी. मशीनवाला भला माणूस, फुटवे बघून थांबला. म्हणला, अक्का, ह्ये तर जितं हाय, ठेवायचं का दोन दिस? तुझा अप्पा म्हणला, कशाला, पोरीनं बारा कलमं केल्यात की शाळेत. आन् माझ्याकडं बघितला. म्हणला, केल्यात न्हवं?"

"मग?"

"मग काय. मी म्हणलं, केल्यात. काढ."